गर्भातील निदानाचा हक्क कुणाचा?

भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यातले जोडपे आमच्या परिचयाचे आहे. नवरा भात गिरणीवर हमाली करतो, बायको विड्या वळते. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांनी गावातल्या विहारात खीर वाटली होती. मुलगी दीड-दोन वर्षांची झाली आणि तिचे पोट वाढू लागले. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र घागरीएवढे. नाकातून अधूनमधून रक्त येई. म्हाताऱ्या माणसांनी पानथरी वाढली म्हणून सांगितले. कुणी पोटावर बिब्बा घाला म्हणाले. आईबाप शिकलेले नसले तरी बाबासाहेबांना मानणारे, म्हणून त्यांनी मुलीला भगताकडे नेले नाही, दवाखान्यात नेले. तिथे तिला आधी हिवतापाच्या गोळ्या मिळाल्या, मग क्षयाच्या. मग एका डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग असावा अशी शंका काढली आणि मुंबईला पाठवले. विदर्भ एक्सप्रेसने नऊशे किलोमीटरचा प्रवास करून ही माणसे मुंबईला गेली, तेव्हा कुठे रोगाचे नाव कळले. गौशे. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्याच वर्षी, 2017 मध्ये, साध्या तापाचे निमित्त होऊन ती गेली.

या रोगाचे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकले नसेल. फिलिप गौशे नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1882 मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. आपल्या शरीरातल्या पेशी रोज झिजतात, मोडतात. त्यांच्या मोडीतून निघणारा एक स्निग्ध पदार्थ विरघळवून टाकण्यासाठी शरीर एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करते. ज्या मुलात हे विकर तयारच होत नाही किंवा फारच थोडे होते, त्याच्यात तो पदार्थ साठत जातो. प्लीहा आणि यकृत फुगतात, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, हाडे ठणकतात, आणि काही प्रकारांत मेंदूलाही इजा होते. घरात केर साचावा आणि केर काढणाराच नसावा, तशी ही अवस्था. नेमके कोणते विकर कमी आहे हे 1965 मध्ये अमेरिकेतील रोस्को ब्रॅडी यांनी शोधून काढले आणि 1991 पासून ते विकर बाहेरून शिरेवाटे देण्याचा उपचार सुरू झाला. दर दोन आठवड्यांनी, जन्मभर.

या रोगाचे बीज आई आणि बाप या दोघांकडून यावे लागते. दोघेही ठणठणीत असतात, कारण प्रत्येकाकडे एक बिघडलेला आणि एक चांगला जनुक असतो. अशा दोघांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही चांगली निघतील असे नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण त्या मुलीच्या मरणानंतर सासरच्या नातेवाइकांनी सुनेलाच पांढऱ्या पायाची ठरवले. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरात हे घडले. ज्या रोगाला बापाचा वाटा तितकाच लागतो, त्याचे खापर एकट्या आईच्या डोक्यावर फुटते. विज्ञान इथे बाईच्या बाजूने साक्ष द्यायला उभे आहे, पण तिला बोलावतो कोण?

मुंबईच्या डॉक्टरांनी त्या जोडप्याला एक गोष्ट नीट समजावून सांगितली होती. पुन्हा दिवस राहिले तर तिसऱ्या महिन्यातच या. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अगदी बारीक तुकडा सुईने काढून त्यातल्या विकराचे प्रमाण मोजता येते. मुलीच्या रक्तात जनुकाचा नेमका दोष सापडलेला असेल, तर तोच दोष गर्भात आहे की नाही हेही पाहता येते. थोडे उशिरा आलात तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढूनही तपासता येते, पण त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात आणि त्यात दोन-तीन आठवडे जातात. डॉक्टरांनी हे सर्व कागदावर लिहूनही दिले.

2018 मध्ये दिवस राहिले. अडीच महिने होताच बाई तो कागद घेऊन तालुक्याच्या गावी एका सोनोग्राफी केंद्रावर गेली. तिथल्या डॉक्टरने कागदावरचे ‘गर्भाची तपासणी’ एवढेच शब्द वाचले आणि तो उखडला. ही तपासणी कायद्याने बंद आहे, आम्हाला तुरुंगात घालायचे आहे काय, असे म्हणून त्याने तिला बाहेर काढले. डॉक्टर म्हणतो म्हणजे खरेच असेल, असे समजून ही माणसे घरी बसली. दोन महिने असे गेले. एका शिक्षक कार्यकर्त्याच्या कानावर ही गोष्ट गेली, त्याने धावपळ केली, चार जणांकडून गाडीभाड्याचे पैसे जमवले. मुंबईला पोहोचले तेव्हा एकोणिसावा आठवडा संपत आला होता. गर्भपाताची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची होती. गर्भजल काढून निकाल हाती येईपर्यंत ती उलटून जाणार होती. डॉक्टरांनी हात जोडले. मुलगा झाला. त्यालाही तोच रोग निघाला.

आता कायदा खरोखर काय म्हणतो ते पाहू. गर्भजल तपासणी या देशात आली ती 1974-75 च्या सुमारास, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, आणि ती आली गर्भातले आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. पण तिच्यातून मुलगा की मुलगी हेही कळते, असे ध्यानात येताच मुलींना गर्भातच मारण्यासाठी तिचा वापर सुरू झाला. 1978 मध्ये सरकारी संस्थांत अशा वापरावर बंदी आली, तेव्हा खाजगी दवाखान्यांची चांदी झाली. स्त्री संघटनांनी लढा दिला आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. त्यानंतर 1994 चा केंद्रीय कायदा आला, 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. हा कायदा आम्हाला मान्य आहे, नुसता मान्य नाही तर तो आणखी कडकपणे राबवावा असे आमचे मत आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 1991 साली 946 मुली होत्या, 2001 साली 913 झाल्या आणि 2011 साली 894. पैसेवाल्या, सुशिक्षित म्हणवणाऱ्या लोकांनी यंत्राच्या मदतीने हा संहार केला.

पण याच कायद्याने गर्भनिदानाची दारे पूर्ण बंद केलेली नाहीत. कोणकोणत्या दोषांसाठी ही तपासणी करता येते याची यादीच कायद्यात दिलेली आहे. गुणसूत्रांतील दोष, आनुवंशिक चयापचयाचे रोग, रक्तातील हिमोग्लोबिनचे रोग, लिंगाशी निगडित आनुवंशिक रोग, जन्मजात व्यंगे. गौशे हा चयापचयाचाच रोग आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे हिमोग्लोबिनचे. नोंदणी झालेले केंद्र, पात्र डॉक्टर, बाईला समजेल अशा भाषेत माहिती, तिची लेखी संमती आणि गर्भाचे लिंग न सांगणे, या अटींवर तपासणी कायदेशीर आहे. म्हणजे तालुक्याच्या त्या डॉक्टरने कायदा सांगितला नाही, आपले अज्ञान सांगितले. गंमत अशी की जिथे काळे धंदे चालतात तिथे पैसे मोजले की कायदा वाकतो, आणि जिथे कायदा स्वतः परवानगी देतो तिथे मजुराच्या बायकोला तो काठीसारखा दाखवला जातो. श्रीमंताची सून असती तर डॉक्टरने तिला बसायला खुर्ची दिली असती आणि मुंबईला फोन लावला असता.

2021 मध्ये गर्भपाताच्या कायद्यात दुरुस्ती झाली. विशिष्ट प्रवर्गातील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली आणि गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास त्यापुढेही परवानगी मिळू शकते. ही सुधारणा चांगलीच आहे. पण मंडळापुढे जायचे तर आधी निदान हाती हवे. आणि ही विकरे मोजण्याची सोय जिल्हा रुग्णालयात नाही. खेड्यातल्या बाईचे आठवडे रस्त्यात आणि रांगेत संपतात.

या रोगाचा दुसरा धागा जातीशी बांधलेला आहे, आणि इथे आम्हाला आमच्याच माणसांशी थोडे कडू बोलायचे आहे. बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सांगितले. आपल्याच गटात लग्न करण्याचे बंधन हाच जातीचा प्राण. गटाबाहेर बेटी जाऊ द्यायची नाही आणि बाहेरची बेटी येऊ द्यायची नाही, यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची योजना झाली, हे त्यांनी पंचविशीत मांडले. त्या निबंधाला शंभर वर्षे झाल्यावर, 2017 साली, दक्षिण आशियातील 263 समाजगटांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 81 गट असे आढळले की, त्यांचे मूळ थोड्याच पूर्वजांपर्यंत जाते आणि त्यांच्यातला जनुकांचा कोंडमारा युरोपातील अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही अधिक आहे. अशा बंद डबक्यात एखादा दोष शिरला की पिढ्यान्पिढ्या तिथेच फिरत राहतो.

कुणी म्हणेल, हे खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींचे रोग. मुळीच नाही. तेलुगू भाषक वैश्य समाज हा पिढीजात व्यापारी, सधन समाज. त्यांच्यात एका विकराची कमतरता इतर लोकांच्या कितीतरी पट आढळते. एरवी त्या माणसाला काहीच होत नाही, पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्याचे एक विशिष्ट औषध दिले की ते शरीरात मोडत नाही आणि श्वास घेणारे स्नायू बराच वेळ लुळे पडतात. भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी ठाऊक नसेल तर जिवावर बेतते. ज्या रक्तशुद्धीचा टेंभा मिरवला गेला, त्या शुद्धीचे हे फळ आहे. जातीचे समर्थन वंशशुद्धीच्या नावाने करणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘जातिनिर्मूलना’त घेतलाच होता. आज प्रयोगशाळाही तेच सांगते आहे.

मात्र आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 ला आपण नागपूरला जातीचा त्याग केला. सत्तर वर्षे होत आली. तरी विदर्भात लग्न जुळवताना सोमवंशी की बावणे, लाडवण की कोसरे, हा प्रश्न हळूच विचारला जातो की नाही? ज्यांनी जात सोडली त्यांनी पोटजात मात्र ट्रंकेत जपून ठेवली. आणि मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क ही चाल तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात. आतेमामे भावंडांच्या जनुकांत साधारण आठवा हिस्सा सारखा असतो. दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याचा धोका त्यामुळे वाढतो. आमच्या या जोडप्याचेही तसेच आहे, ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. नात्याबाहेर लग्न केले म्हणजे रोग होणारच नाही, असे आम्ही म्हणत नाही. दूरच्या, अनोळखी घराण्यांतही हा रोग निघतो. पण धोका कमी होतो हे नक्की, आणि आंतरजातीय विवाहाच्या बाजूने असलेल्या अनेक कारणांत हे एक आणखी.

ज्या ज्यू समाजाचा वर उल्लेख आला, त्याने काय केले हे पाहण्यासारखे आहे. टे-सॅक्स हा विकराच्या अभावी होणारा, बालपणीच जीव घेणारा रोग त्यांच्यात फार होता. 1971 पासून अमेरिकेत त्यांच्या वस्त्यांतून, प्रार्थनास्थळांतून तरुण जोडप्यांच्या रक्ताची तपासणी सुरू झाली. ती सक्ती नव्हती. समाजातल्या लोकांनीच स्वयंसेवक होऊन हे काम उचलले, आणि त्या समाजात या रोगाचे मूल जन्मणे दहातल्या नऊ हिश्शांनी घटले. सहा दशलक्ष माणसे छळछावण्यांत गमावलेल्या या समाजाने वैद्यकशास्त्र आपल्या हातात घेतले. यातून शिकण्यासारखे आहे. पण त्यांच्यातल्या कर्मठांनी 1983 मध्ये एक वेगळी व्यवस्था काढली. लग्न जुळवण्याआधी दोघांचे क्रमांक जुळवून पाहायचे, दोघेही वाहक असले तर स्थळ मोडायचे, आणि लग्ने मात्र आपल्याच कुंपणात लावायची. आपल्याकडचे जातिपंडित उद्या हीच युक्ती उचलतील. पत्रिकेसोबत जनुकांचा अहवाल जुळवतील आणि जात शाबूत ठेवतील. आपल्याला ती वाट नको.

दुसरे भय याहून मोठे आहे. दोष असलेले जन्मूच नयेत, हा विचार एकदा सरकारच्या डोक्यात शिरला की तो कुठे जातो हे जगाने पाहिले आहे. जर्मनीत 1933 मध्ये आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि 1939 पासून अपंगांना ठार मारण्यापर्यंत मजल गेली. आपल्याकडे 1976 च्या आणीबाणीत नसबंदीची गाडी कोणाच्या वस्तीत थांबत होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. विदर्भात सिकलसेलच्या तपासण्या झाल्या तेव्हा केवळ वाहक असलेल्या, पूर्ण निरोगी मुलींची ठरलेली लग्ने मोडली, तेही आम्ही पाहिले आहे. म्हणून गर्भनिदान ही सरकारची मोहीम होता कामा नये. तपासणी करायची की नाही, निकाल आल्यावर गर्भ ठेवायचा की नाही, हे त्या बाईने ठरवायचे. सरकारचे काम तिच्यापर्यंत माहिती आणि सोय वेळेत पोहोचवण्याचे. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. या तपासणीमुळे पुष्कळ मुले जन्मालाही येतात. एक मूल गमावलेले जोडपे भयाने दुसऱ्याचा विचारच सोडून देते. चारात तीन वेळा निकाल चांगला येतो आणि त्यांचे घर पुन्हा भरते.

जे मूल जन्मले त्याचे काय? 2013 मध्ये दिल्लीतील एका रिक्षावाल्याने गौशे झालेल्या आपल्या मुलासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्या उपचाराचा खर्च महिन्याला लाखांत जातो. सरकारने पैशांची अडचण सांगितली, आणि न्यायालयाने ती मानली नाही. जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो, पैसे नाहीत म्हणून तो नाकारता येणार नाही, असा निर्वाळा देऊन त्या मुलावर मोफत उपचार करण्याचा आदेश दिला. घटनेच्या 21 व्या कलमाने एका रिक्षावाल्याला हात दिला. पुढे 2021 मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले, 2022 मध्ये प्रत्येक रुग्णामागे 50 लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली, त्यासाठी देशात काही उत्कृष्टता केंद्रे नेमली, मुंबईचे केईएम त्यांपैकी एक. 50 लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण या औषधाची मात्रा वजनावर ठरते. मूल वाढते तसे औषध वाढते, खर्च वाढतो, आणि उपचार तर जन्मभराचा. पैसे संपले की मुलाने वाढायचे थांबवावे काय?

त्या भंडाऱ्याच्या बाईला आम्ही गेल्या उन्हाळ्यात भेटलो. मुलगा अंगणात खेळत होता, पोट अजून पुढे आलेले, पण आधीपेक्षा बरा. औषध मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. तेव्हा तपासणी वेळेत झाली असती तर, असे आम्ही काहीतरी बोलू लागलो. तिने विडीच्या सुपावरून मान वर केली. “भाऊ, तेव्हा समजलं असतं तं मी काय केलं असतं, ते मले सांगता येत नाही. पण आता हा हाय. आता याले औषध पाहिजे.” तपासणीचा हक्क आणि औषधाचा हक्क यांत आम्ही मनातल्या मनात जी तुलना करत होतो, ती तिथेच गळून पडली. तिला दोन्ही हवे होते आणि तिला दोन्ही मिळायला हवे होते.

सरकारकडे आमचे मागणे फार मोठे नाही. गोव्याने 2008 मध्ये नवजात बालकांच्या चयापचय रोगांची तपासणी सरकारी पातळीवर सुरू केली होती, तेव्हा महाराष्ट्राला हे अशक्य आहे असे कुणी सांगू नये. निदान विदर्भ-मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तरी नमुने घेऊन पाठवण्याची आणि मराठीत समुपदेशन करण्याची सोय करावी. नमुना आगगाडीने जाऊ शकतो, त्यासाठी पोटुशी बाई नऊशे किलोमीटर नेण्याची गरज नाही. पोट फुगून किंवा झटके येऊन कारण न कळता मरणाऱ्या बालकाचे रक्ताचे दोन थेंब कागदावर वाळवून जपून ठेवावेत, कारण पहिल्या मुलाचे निदान नसेल तर पुढच्या गर्भात काय शोधायचे हेच कळत नाही. आणि तालुक्याच्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर लिंगनिदान गुन्हा असल्याची पाटी आहेच. तिच्याखाली कायद्याने कोणती तपासणी करता येते, हेही लिहावे.

समाजाकडेही एक मागणे आहे. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जांत अजूनही पोटजातीचा रकाना छापला जातो. तो काढावा, आणि मेळाव्याच्या एका कोपऱ्यात आनुवंशिक रोगांची माहिती देणारा एखादा डॉक्टर बसवावा. कुणाच्या कपाळावर वाहक असल्याचा शिक्का न मारता त्याला हे काम करता येईल. नागपूरच्या पुढच्या मेळाव्याच्या आयोजकांना आम्ही तसे पत्र पाठवले आहे. अर्ज छापून आले की पाहू.